आळा सोडताना

दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर समास शिकवायचा दिवस आला की मी वर्गात वाढ्याची एक पेंढी घेऊन जाते. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. रस्त्याच्या कडेला उसाची गाडी भरत असली की मागून आणते. कुणी नाही म्हणत नाही. पोरं हसतात. "मॅडम, म्हैस कुठाय?" असं मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारतंच. विचारू द्या. मी पेंढी टेबलावर ठेवते आणि म्हणते, हा समास. याचा विग्रह करा. मग एखादा उत्साही पोरगा उठतो, पेंढी बांधलेल्या पात्याच्या आळ्यात दोन बोटं घालतो आणि हिसका मारून तोडतो. तुटलेला आळा फरशीवर पडतो, आणि मला मायचा आवाज ऐकू येतो: "तोडू नको गं बाई. सोड."

यंदा ऊन लवकर तापलंय. शाळेच्या फाटकासमोरून टँकर जातो, त्याच्या मागच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची ओली रेघ डांबरावर उमटते आणि पोरांची नजर फळ्यावरून उठायच्या आत वाळून जाते. गावोगाव पुन्हा चारा छावण्यांची भाषा सुरू झालीय. माणसांना दुष्काळ आकड्यांनी आठवतो, मला तो वासानं आठवतो. तापलेलं शेण, उसाच्या कांड्यांचा आंबूस गोडवा, हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन, आणि संस्कृतच्या गाइडची गोंदाचा वास मारणारी पानं.

मी दहावीचा अभ्यास जनावरांच्या छावणीत केला. हे मी कुठंही सांगते, मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहीपुरतं लिहिता यायचं, मायला तेवढंही नाही. अशा घरातली पोरगी आज संस्कृत शिकवते. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

छावणी नांदूरघाटाच्या बाजूला, नदीकाठच्या माळावर होती. नदी म्हणायची पद्धत होती म्हणून म्हणायचं. त्या साली तिच्यात वाळू होती, आणि वाळूत लोकांनी उकरलेले खड्डे. माळावर बांबू रोवून हिरव्या जाळीचे लांबच लांब मांडव घातलेले. एकेका घराला चार पावलं जागा. जनावरांच्या कानात बिल्ले. आमच्याकडं दोन बैल आणि सिरसाळ्याच्या बाजारातनं आणलेली एक तांबडी गाय. दादा गावात राहून टँकरचं पाणी धरायचे आणि घर राखायचे. छावणीत माय आणि मी. तीन दगडांची चूल, एक बाज, पत्र्याची पेटी. पेटीवर बसून मी वाचायचे. सकाळी शाळेला जायचं, दुपारी परत यायचं, आणि पेपरला महिना राहिला तेव्हा शाळाही सुटली.

सकाळी चाऱ्याचा ट्रक यायचा. वाढ्याच्या पेंढ्या धडाधड खाली पडायच्या. पेंढी बांधायला दोरी नसायची. वाढ्याचीच दोन-चार पाती पिळून त्याचा आळा केलेला असायचा. मला घाई. मी आळा तोडून चारा गाईपुढं फेकायचे आणि पुस्तकाकडं पळायचे. माय तो तुटलेला आळा उचलायची, झटकायची, त्याचा पीळ उलगडायची आणि पात सरळ करून गाईच्या तोंडात द्यायची.

"आळा बी चाराच हाय की," म्हणायची. "तोडला की मातीत जातो. सोडला की पोटात जातो."

त्याच दिवसांत आमच्या सरांनी समास शिकवला होता. अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत असा आमचा विषय. सर म्हणाले होते, दोन शब्द जवळ येतात तेव्हा त्यांच्यामधले प्रत्यय गळून पडतात. राज्ञः पुरुषः याचं राजपुरुष होतं. विग्रह करायचा म्हणजे गळालेलं पुन्हा आणून बसवायचं. मी ते वहीत उतरवून घेतलं, पण कळलं मला गाईपुढं. शब्द ज्यानं बांधलेले असतात ते बांधणंही शब्दाचंच असतं, बाहेरून आणलेली दोरी नव्हे. हिसका मारून तोडलं तर अर्थ मातीत जातो.

हे मला आज इतकं नीट सांगता येतं. तेव्हा मी फक्त पुटपुटायचे. मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझं पाठ व्हायचं नाही, आणि आमच्या मांडवात दुपारी वीसेक बाया सावलीला टेकलेल्या असायच्या.

"काय गं पुटपुटायलीस? मंतर घालायलीस का आमच्यावर?" कडूबाईनं विचारलं. कडूबाई आमच्या शेजारची, दोन म्हशींची मालकीण, तोंडानं तिखट. तिच्या आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलेलं. नाव तिनं सार्थ केलं होतं.

मी सांगितलं, शब्द सोडवायलेय.

"मग आमचा सोडव की एखादा. पुरणपोळी सोडव."

मी ताठ बसले. "पुरण घालून केलेली पोळी. मध्यमपदलोपी समास."

"म्हंजी?"

"म्हणजे मधले शब्द गळाले. 'घालून केलेली' हे गळालं. पुरण राहिलं, पोळी राहिली."

बाया हसल्या. माय हसली नाही. ती शेणाचा हात तसाच धरून विचार करत होती. म्हणाली, "घालनं आन करनं, तेवढंच गळालं व्हय? करनारीचं काम तेवढं गळालं म्हना की."

पुढं कॉलेजात समासावरची जाडजूड पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, आता स्वतः पेपर काढते. मध्यमपदलोपी समासाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

मग तो दुपारचा खेळच झाला. चुलतसासरा सोडव, देवघर सोडव, परळीचा वैद्यनाथ सोडव. वैद्यांचा नाथ म्हटल्यावर कडूबाई म्हणाली, "तरीच दवाखान्यात गेलं की डागदर वर बोट दावतो." दुष्काळ सोडवला तेव्हा कुणी हसलं नाही, वाईट काळ, एवढंच तर होतं. बहुव्रीहि सांगितला, ज्याच्याकडं पुष्कळ तांदूळ आहे तो. "आमच्याकडं जवारीबी न्हाई, आन हिचा पावना तांदूळवाला!" मी समजावून सांगत होते की या समासात अर्थ दोन्ही शब्दांत नसतो, तो बाहेरच्या तिसऱ्याकडं बोट दाखवतो, शब्दात तांदूळ आहे, माणूस नाही, पण अर्थ मात्र माणूस. त्यांना ते पटलं. बाहेरचं तिसरं कुणीतरी असतं, ज्याच्यासाठी सगळं चालतं आणि ज्याचं नाव कुठंच नसतं, ही गोष्ट त्यांना शिकवायची गरज नव्हती.

दुधाची गोष्ट मायपासून सुरू झाली. त्या चाऱ्यावर आमची गाय तांब्याभर दूध द्यायची. कुणाची म्हैस दोन तांबे. दूध नेणाऱ्या गाडीवाल्यानं सांगून टाकलं, एवढ्याशा दुधासाठी माळावर गाडी यायची नाही. बाया दूध लेकरांना पाजायच्या, उरलेलं नासून जायचं. एक दिवस माय आपला तांब्या घेऊन कडूबाईकडं गेली आणि तिच्या बादलीत ओतून आली. "माझं एकटीचं दूध म्हून ते न्हेत न्हाई. सगळ्यांचं असलं तर?" दोन दिवसांत कॅन आली. तिसऱ्या दिवशी कॅन भरली. गाडी आली.

पण गाडीवाला देईल तेच घ्यायचं, आणि नाही आला तर बसायचं. दूध संघाला थेट घालायचं तर संस्था पाहिजे, रजिस्टर केलेली. हे सांगितलं महानंदा काकूंनी. काकू गावातल्या वाण्याच्या घरच्या, वीरशैव. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. नवरा तरुणपणीच गेलेला, तेव्हापासून किराणा दुकान त्यांच्याच हातात. त्यांची एक म्हैस छावणीत होती आणि आमच्यात लिहिता-वाचता येणाऱ्या मोठ्या बाईमाणूस त्या एकट्याच. त्यांनी तालुक्याला जाऊन अर्जाचे कागद आणले. मुख्य प्रवर्तक म्हणून नाव कुणाचं घालायचं, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, गोदाचं. गोदा म्हणजे माझी माय.

आता संस्थेला नाव पाहिजे. देवीची नावं आधीच्या संस्थांनी घेतलेली. काकू माझ्याकडं वळल्या. "तू संस्कृत शिकतीस. एक चांगलं नाव दे."

मला आजही त्या क्षणाचा ताठा आठवतो. दहावीतली पोरगी, आणि वीस बाया तिच्या तोंडाकडं बघायलेल्या. मी दोन दिवस घेतले. गाइडच्या शेवटची शब्दांची यादी पालथी घातली. आणि कागदावर लिहून दिलं: क्षीरामृतसंवर्धिनी महिला दुग्धोत्पादक सहकारी संस्था मर्यादित.

क्षीर म्हणजे दूध. क्षीर हेच अमृत, ते क्षीरामृत. त्या क्षीरामृताचं संवर्धन करणारी, ती क्षीरामृतसंवर्धिनी. एका शब्दात दोन समास, एकात एक घातलेले. मला वाटलं, यापेक्षा भारी काय असतं? काकूंनी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, नाव राखून ठेवल्याचं पत्र आलं, त्या नावानं बँकेत खातं उघडलं. मग निरोप आला की रजिस्टर करण्याआधी सहकार खात्याचे साहेब छावणीत येतील आणि बायांची चौकशी करतील.

चौकशी का, तर नावाला बायका आणि कारभार पुरुषांचा, अशा कागदी संस्था त्यांनी पाहिलेल्या. साहेब प्रत्येकीला विचारणार: संस्थेचं नाव काय, ती कशासाठी, प्रमुख कोण. सभासदांना आपली संस्थाच ठाऊक नसेल, तर प्रस्ताव परत.

चहाच्या टपरीवर ही बातमी बायांच्या आधी पोचली. नामदेव नावाचा एक माणूस होता, छावणीत दिवसभर पत्ते खेळायचा. मी कपबशा परत द्यायला गेले तेव्हा तो दुसऱ्याला सांगत होता, "अबे, बायांची डेअरी निघायली म्हणं. एकीला तरी नाव घेता येतं का बे संस्थेचं? तोंडात दगडं घालून बोलावं लागंल!" आणि दोघं हसले.

मी मांडवात आले आणि मायला म्हटलं, संस्थेचं नाव सांग.

"शिरा…" ती थांबली. "शिरामुरत…"

कडूबाई म्हणाली, "शिरा कशाचा गं? रव्याचा?"

आमच्याकडच्या तोंडाला क्ष येत नाही, आणि ते मला ठाऊक होतं. माझ्याच मायच्या तोंडाला ठाऊक नसलेलं अक्षर मी तिच्या संस्थेच्या दारात उंबऱ्यासारखं ठेवलं होतं. नाव आता बदलता येत नव्हतं. पत्र, खातं, सगळं त्याच नावावर.

मी शिकवायला लागले. म्हणजे घोकून घ्यायला लागले. माझ्यामागं म्हणा: क्षीरामृतसंवर्धिनी. वीस बायांच्या तोंडून वीस तऱ्हा. दोन दिवस, चार दिवस. कुणी मधेच उठून म्हशीकडं जायची, कुणी तोंडात पदर घालून हसायची. हसणं मी सहन केलं. पण माय हसत नव्हती. ती डोळे मिटून जीव लावून म्हणायची, आणि दरवेळी त्याच जागी अडखळायची. तिचं ते जीव लावणंच मला सहन झालं नाही. पाचव्या दिवशी सगळ्यांदेखत मी ओरडले, "एक शब्द, एवढं सुद्धा जमंना तुला? तुझ्यामुळं सगळ्यांची संस्था जाईल!"

माय उठली, गाईकडं गेली आणि तिच्या पाठीवरनं हात फिरवत उभी राहिली. गाय मान वळवून तिचं कोपर चाटत होती. मी पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला, पेंढ्या पडल्या. मायनं एक पेंढी उचलली, गाईकडं न जाता माझ्यासमोर आणून ठेवली आणि तिथंच बसली. रागानं नाही. रोजच्यासारखीच.

"हे बघ," म्हणाली, "तू आमाला पेंढी अख्खीच गिळाया लावायलीस. जनावर बी सोडल्याबिगर खात न्हाई. इतके दिस पुरणपोळी सोडत होतीस, देवघर सोडत होतीस, मग आमचंच नाव कावून बांधून दिलंस? सोड की."

चौदा शब्दांचा विग्रह पाठ असलेल्या मला हे सुचलं नव्हतं.

मी सोडलं. क्षीर म्हणजे दूध. "खीर म्हन की मग," कडूबाई म्हणाली, "खीर तर येती की तोंडात." आणि खरंच, आपली खीर त्या क्षीरातूनच आलेली आहे, तो शब्द त्यांच्या चुलीवर कधीचाच उकळत होता. अमृत त्यांना ठाऊक होतंच. वर्धिनी म्हणजे वाढवणारी. माय विचारायची, "इथं आळा कुठं हाय?" मी दाखवायचे: क्षीरातला शेवटचा अ आणि अमृतातला पहिला अ, दोन्ही मिळून मोठा आ झाला, बांधणारं तिथंच विरघळलं. ती मान डोलवायची. एकेक तुकडा चार-चार वेळा. मग दोन तुकडे एकत्र. दुपारपर्यंत क्ष आला नाही, पण ख आणि श यांच्या मधलं काहीतरी आलं, आणि बाकीचं सगळं आलं.

आलं, पण सुटं आलं. एका दमात म्हणायला गेलं की पुन्हा घसरायचं. तेव्हा मी नामदेवाचं टपरीवरचं बोलणं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

"नाव घेता येत न्हाई म्हणतो?" कडूबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चाळीस वर्सं झाली नाव घ्यायलेय मी! लग्नात घेतलं, सणाला घेतलं, सासूनं उंबऱ्यात अडवलं तवा घेतलं. तोंडावर नवऱ्याचं नाव आनायचं न्हाई, पर उखाण्यात घेतलं तर कवा चुकले न्हाई!"

मायनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली, नव्या नवरीसारखी, आणि म्हणाली:

"पेंढीचा सोडला आळा, गाय लागली चराया,
क्षीरामृतसंवर्धिनीचं नाव घेते, कॅन लागली भराया."

कुठंही अडखळली नाही.

क्षणभर कुणालाच कळलं नाही काय झालं. मग मांडव नुसता उसळला. वर्षानुवर्षं ज्या चालीत त्या बायांनी जपून, लाजून, एक अवघड नाव उचललं होतं, त्याच चालीत हेही उचललं गेलं. कडूबाईला दम निघेना:

"पोरीनं ठिवलं नाव, गाडीवानी लांब,
क्षीरामृतसंवर्धिनीचं नाव घेते, म्हशी जरा थांब!"

एकीमागं एक. कुणाचं यमक जुळलं, कुणाचं नाही. फेरी महानंदा काकूंपाशी आली आणि सवयीनं त्यांना ओलांडून पुढच्या बाईकडं गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. नाव घ्यायच्या वेळी विधवेला विचारायचं नसतं, हे सगळ्यांच्या हाडात होतं. काकूंच्या तर जास्तच. त्या आपणहून सतरंजीची कड नीट करायला लागल्या होत्या.

"काकू," माय म्हणाली, "तुमी ऱ्हायल्या."

"मी गं कशाला? मी लिहिते ना सगळं."

"नवऱ्याचं न्हाई घ्यायचं, काकू. संस्थेचं घ्यायचंय. संस्था तर जित्ती हाय."

काकूंनी मान वर केली नाही. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं. वीस-पंचवीस जनावरांच्या रवंथाचा आवाज येत होता. मग काकू बोलल्या, इतक्या हळू की पुढं झुकावं लागलं:

"दुकानात तराजू, पदरात किल्ली,
क्षीरामृतसंवर्धिनीचं नाव घेते, आज मी बी बोलली."

त्यांचा क्ष शुद्ध होता. पण ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही फार वेळ राहिलं नाही. कडूबाई डोळे पुसत म्हणाली, "लई दिस दाबून ठिवलं हुतं म्हना की." आणि काकू हसल्या. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या काकू मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्यांचे पुढचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

साहेब आले ते भर दुपारी, रुमालानं मान पुसत. वयानं लहान होते. बाजेवर बसले, फाइल उघडली. नामदेव आणि आणखी दोघं पुढं होऊन म्हणाले, काय विचारायचं ते आम्हाला विचारा, सायब. साहेबांनी मान न उचलता सांगितलं, "तुम्ही थांबा." मग मायला विचारलं, "संस्थेचं नाव सांगा."

मी मायच्या मागं उभी होते, ओठांवर नाव तयार ठेवून, ती चुकली तर कुजबुजायला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढला. साहेबांचं पेन हवेत थांबलं. तिनं नाव घेतलं.

साहेबांना हसू आलं; पण ते चेष्टेचं नव्हतं. "असं कुणी सांगितलं नव्हतं आजवर," म्हणाले. "अर्थ माहितीय?"

"खीर म्हंजी दूध, सायब. दूध हेच अमरूत. त्याला वाढीवनारी."

"वाढवणारी कोण?"

मायनं हातानं सगळा मांडव दाखवला. बाया, गाई, म्हशी, वाढ्याचा ढीग, पत्र्याच्या पेटीवरचं माझं गाइडसुद्धा त्या हाताच्या वळणात आलं. "ह्या समद्या. नावात न्हाईत. पर ह्याच."

बहुव्रीहि, मी मनात म्हटलं. नियमानं तो तत्पुरुष होता. पण मायच्या हातानं त्याचा अर्थ बाहेर उभ्या असलेल्यांना देऊन टाकला होता, आणि त्यावर गुण कापायची माझी हिंमत नव्हती.

"नाव कुणी ठेवलं?"

"पोरीनं बांधलं," माय म्हणाली. "सोडलं आमी."

साहेबांनी मग एकेकीला विचारलं, आणि एकेकीनं नाव घेतलं. नामदेव टपरीकडं निघून गेला. महानंदा काकूंची पाळी आली तेव्हा त्यांना कुणी ओलांडलं नाही. फाइलीत काय लिहिलं ते काकूंनी उलटं वाचून आम्हाला सांगितलं: सभासदांना संस्थेची माहिती आहे.

त्यानंतर आठवड्याभरात माझा संस्कृतचा पेपर झाला. विग्रहाच्या प्रश्नात मी एकही चूक केली नाही. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा जाड शब्दकोश हातात आला तेव्हा मी उगाच 'सहकार' काढून पाहिला. संस्कृतात सहकार म्हणजे आंब्याचं झाड, सुगंधी आंब्याचं. मी धावत जाऊन मायला फोन केला, वाटलं ती चकित होईल. ती म्हणाली, "मग बरोबरच हाय की. आंबा काय एकट्यानं खायची गोष्ट हाय व्हय?"

एवढं सगळं बोलतो आम्ही. पण त्या पाचव्या दिवशी सगळ्यांदेखत मी जे ओरडले, त्याबद्दल मी तिच्याशी कधी बोलले नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला नेमके तेवढेच शब्द जुळवता येत नाहीत. संस्था उभी राहिली, पत्र्याची खोली झाली, पाटीवर मी ठेवलेलं लांबलचक नाव रंगवलं गेलं, ऊन खाऊन दोनदा फिकं पडलं, दोनदा पुन्हा रंगवलं. दरवेळी त्या पाटीखालून जाताना मला नाव दिसत नाही, गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली माय दिसते.

यंदा संक्रांतीला मी गावी गेले होते. संस्थेच्या खोलीत हळदीकुंकू असतं. तिथला रिवाज आता पक्का झालाय: नवऱ्याचं नाव ज्यांना घ्यायचं त्यांनी घरी घ्यावं, इथं नाव संस्थेचं. म्हणून तिथं सगळ्या येतात, ज्यांना दुसऱ्या हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही त्याही. महानंदा काकू आता काठी टेकत येतात आणि सगळ्यांत आधी नाव घेतात. कडूबाई थकलीय, पण तोंड तेच.

"मॅडम, तुमी घ्या की आता! नाव तर तुमचंच हाय!"

मी उठले. वर्गात चाळीस-पन्नास पोरांसमोर रोज उभी राहते मी, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पहिली ओळ नीट गेली. दुसरी सुरू केली आणि समोर माय दिसली, पदर सावरत, मान थोडी पुढं करून, ओठ किंचित उघडे. मी चुकले तर कुजबुजायला तयार. क्षीर म्हटलं, आणि पुढचं येईचना.

"आगं माय, मॅडमलाच येईना की!" कडूबाई ओरडली. खोली हसली.

"गप बसा गं," माय म्हणाली. "येतंय तिला." ती उठून माझ्याजवळ आली. संक्रांतीच्या तिळगुळानं चिकट झालेला तिचा हात माझ्या पाठीवर टेकला आणि वरून खाली हळूहळू फिरायला लागला, तसाच, जसा त्या दिवशी गाईच्या पाठीवर फिरला होता.

"घाई न्हाई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "सोडून सोडून म्हन."